फुटाला किती किलो

इंजिनिअर प्रसेनजितनं मोबाइलवर घर दाखवलं :
वीस बाय पंचेचाळीसचा आमचा प्लॉट,
औसा रोडला, लेआउटच्या मागच्या गल्लीत,
आणि त्यावर एक घर, जे अजून नाही.
दारात झाड. तेही नाही.
पांढरी गाडी. नाही.
भिंतीला जोत्यापासून पॅरापेटपर्यंत राखाडी दगडाच्या पट्ट्या,
भर उन्हात ओल्या असल्यासारख्या.

"असंच पाहिजे," विश्वंभर म्हणाले.
दहावीपर्यंत पत्र्याच्या खोलीत अभ्यास केलेला माणूस,
मे महिन्यात पाठ भिंतीला टेकवता यायची नाही.
रस्त्यावरून जाणाऱ्यानं मान वळवावी
असं काहीतरी त्यांना एकदा हवं होतं.

मी वही उघडली.
जालन्याची सळई, तीन टन, दर मध्येच चढला.
क्रश सँड; मांजऱ्यात वाळू राहिली कुठं.
विटा : दोन ट्रॅक्टर परत पाठवले, कच्च्या निघाल्या.
पाण्याचे टँकर अकरा. बारावा उधार.
स्लॅबच्या दिवशी नारळ, पेढे,
मिक्सरवाल्याच्या पोराला चप्पल.
पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापतोय
आणि घराला अजून तोंड नाही.

लातूरला भुतडांच्या दुकानात
भिंतभर नमुने टांगलेले.
टेक्श्चर पंचेचाळीस रुपये फूट. दगड एकशे पासष्ट, मजुरीसकट.
खिडक्या-दार वजा जाता आमचं तोंड दोनशे चाळीस फूट.
विश्वंभर बोटांवर गुणाकार करत होते.
मी एक तुकडा उचलला. दोन्ही हातांत धरला.
"फुटाला किती किलो?"
भुतडाशेठ चष्म्यावरून बघत राहिले.
"ताई, लोक भाव विचारतात."
मग तराजू मागवला. पाच किलो.

म्हणजे बाराशे.
माझ्या दारावर, खिडकीवर, पोरीच्या खोलीबाहेर
बाराशे किलो दगड, उभा.

खाजामियाँ मिस्त्रीनं समजावलं,
"पिना मारतो, जाळी मारतो, केमिकल लावतो.
हालणार नाही, ताई, बिनघोर राहा."
हालणं हा शब्द त्यानं सहज वापरला.
चोवीस वर्षांचं पोर. नंतरचं.

आमच्या गावात अडीच-अडीच फुटांच्या भिंती होत्या,
दगड आणि माती. उन्हाळ्यात गार.
मी नऊ वर्षांची. बाज उलटली, तिच्याखाली उरले.
उमाकांत भिंतीच्या बाजूला झोपायचा,
गार लागतं म्हणून रोज भांडून.

त्यानंतर पत्र्याची शेड, मग सरकारी घर,
मग नोकरी, लग्न, भाड्याच्या चार खोल्या.
हे मी कुणाला सांगत बसत नाही.
विश्वंभरांना माहीत आहे;
माहीत असलेलं रोज आठवत नाही, एवढंच.

"पडत नसतं गं ते आता," वाटेत ते म्हणाले.
"मलाही माहीत आहे," मी म्हणाले.
"पण पहाटे चारला माहीत नसतं."
त्यानंतर औशापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.
टोलनाक्याजवळ त्यांनी पेरू घेतले,
मीठ मागून घेतलं माझ्यासाठी.

आता भिंतीला साधं प्लॅस्टर आहे, वर बिस्किटी रंग.
खाजामियाँला जरा वाईट वाटलं,
त्याच्या हाताचं काम दिसलं नाही.
म्हणून दगड आणलाच, साठ फूट,
आणि ओट्यावर, पायऱ्यांवर आडवा बसवला.
तिथं मात्र त्यानं जीव ओतला : एक सांधा शोधून दाखवा.

संध्याकाळी आम्ही त्याच्यावर बसतो.
तो खाली, आम्ही वर.
विश्वंभर अजून कुणी आलं की मोबाइल काढतात,
ते राखाडी घर दाखवतात, गाडी दाखवतात,
"असं करणार होतो," म्हणतात.
मी चहा ठेवायला उठते.
सहा तुकडे उरलेत, टाकीमागे रचून.
भुतडाशेठ कापलेला माल परत घेत नाहीत.